एका स्कीवर सहा बोये : स्लालम वॉटर स्कीइंगबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

म्हापसा, पेडणे, डिचोली आणि सीमेपलीकडून दोडामार्ग-सावंतवाडी इथून जे प्रश्न मला पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. इंग्लंडमध्ये स्विंडनला नोकरीला असताना जवळच्या कॉट्सवोल्ड वॉटर पार्कमध्ये मी हा खेळ शिकलो. खडी काढून झालेल्या खाणींत पाणी साठून तिथली तळी तयार झाली आहेत. गोव्यात परतल्यापासून आम्ही सात-आठ जण शापोरा नदीच्या वरच्या अंगाला तात्पुरता कोर्स (बोये, म्हणजे पाण्यावर तरंगणारे गोळे, मांडून केलेला मार्ग) टाकून सराव करतो. खाली नियम म्हणून जे सांगितलं आहे ते आंतरराष्ट्रीय महासंघाचं आहे. आमच्या पाण्याबद्दल जे सांगितलं आहे ते आमच्या अनुभवाचं आहे.

१. स्लालम म्हणजे कळंगुट-बागाला चालते ती जेट स्की का?

नाही. जेट स्कीला स्वतःचं इंजिन असतं. वॉटर स्कीवर, म्हणजे पायाला बांधलेल्या लांब फळीवर, माणूस उभा असतो आणि पुढची बोट त्याला दोराने ओढते. १९२२ साली अमेरिकेत मिनेसोटामध्ये लेक पेपिनवर राल्फ सॅम्युएलसन या अठरा वर्षांच्या मुलाने हे पहिल्यांदा जमवलं. स्लालम हा त्यातला स्पर्धेचा प्रकार. दोन्ही पाय एकाच स्कीवर, एकामागे एक. बोट सरळ जाते आणि स्कीअर तिच्या मागे डावी-उजवीकडे नागमोडी जात सहा बोये बाहेरून वळसा घालून घेतो.

२. कोर्सची मापं काय असतात?

गेट म्हणजे मधोमध असलेली बोयांची जोडी, जिच्यामधून स्कीअरने जायचं असतं. आतल्या (आत शिरायच्या) गेटपासून बाहेरच्या (बाहेर पडायच्या) गेटपर्यंत २५९ मीटर. गेटपासून पहिला बोया २७ मीटरवर, मग प्रत्येक बोया पुढे ४१ मीटरवर आणि सहाव्यानंतर पुन्हा २७ मीटरवर बाहेरचं गेट. बोये मधल्या रेषेपासून ११.५ मीटर बाहेर असतात. १, ३, ५ उजवीकडे आणि २, ४, ६ डावीकडे. बोटीसाठी मधोमध बोयांच्या जोड्यांची अरुंद गल्ली असते आणि बोटीला तिच्यातूनच जावं लागतं.

हीच मापं जगभर आहेत. त्यामुळे इथल्या नदीत चार बोये घेणाऱ्या मुलीला फ्लोरिडातले चार बोये म्हणजे किती मेहनत, हे न सांगता कळतं. मला या खेळात सगळ्यात जास्त हेच आवडतं.

३. स्पर्धेत पुढे पुढे अवघड काय होत जातं?

आधी वेग, मग दोर. गेट ते गेट एका खेपेला आम्ही पास म्हणतो. सहाही बोये आणि दोन्ही गेट जमली की बोटीचा वेग ताशी ३ किलोमीटरने वाढतो : ४३, ४६, ४९, ५२ असा. पुरुषांच्या खुल्या गटात कमाल वेग ५८ आणि महिलांच्या गटात ५५. कमाल वेग आला की तो तिथेच राहतो आणि दोर लहान करत जातात : १८.२५ मीटर, मग १६, १४.२५, १३, १२, ११.२५, १०.७५, १०.२५, ९.७५. दोराला ठरलेल्या जागी रंगीत फास असतात. बोटीतला माणूस पुढचा फास बोटीच्या मधल्या खांबाला अडकवतो, की दोर लहान झाला. अनुभवी लोक आकडा न सांगता नुसता रंग सांगतात. १६ मीटर म्हणजे नारिंगी, १३ म्हणजे हिरवा.

एखादा बोया चुकेपर्यंत हे चालू राहतं. चुकला की त्या फेरीतली तुमची पाळी संपली. वेग किती लागतो याचा अंदाज हवा असेल तर ५८ च्या वेगाने २५९ मीटर सुमारे १६ सेकंदांत संपतात. एका बोयापासून दुसऱ्यापर्यंत अडीच सेकंद मिळतात आणि तेवढ्यात बोटीच्या मागची लाट ओलांडून पलीकडे पोचायचं असतं.

४. बोया मधल्या रेषेपासून ११.५ मीटर दूर आणि दोर १०.२५ मीटर. मग पोचतात कसे? आकडा चुकला आहे का?

आकडा बरोबर आहे. हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि मलाही तो सुटायला बराच काळ गेला होता. दोर बोटीच्या मधल्या खांबापासून हातातल्या हँडलपर्यंत मोजतात, पण बोया घ्यायचा असतो पायाखालच्या स्कीने. वळणावर स्कीअर एक हात सोडतो, दुसरा पूर्ण लांबवतो आणि अंग पाण्याकडे इतकं झोकतो की स्की त्याच्या देहाच्या सगळ्यात बाहेर जाते. हात आणि अंग मिळून हँडलच्या पलीकडे दीड-दोन मीटर मिळतात.

तेवढंही पुरत नाही. मागून तिरकं राहिलं तर बाजूचं अंतर कमी पडतं, म्हणून स्कीअरला बोटीच्या जवळजवळ बरोबरीला झुलत यावं लागतं, झोका टोकाला जातो तसं. त्यासाठी लागणारा वेग मधली लाट ओलांडतानाच मिळवावा लागतो. बोयापाशी पोचल्यावर काही करू म्हटलं तर उशीर झालेला असतो. लांब दोरावर ताकदीने वेळ निभावून नेणारा माणूस १२ मीटरच्या आसपास अडतो, त्याचं कारण हेच.

५. साडेतीन बोये म्हणजे काय? अर्धा बोया कसा घेतात?

बोया बाहेरून घेतला, दोर घट्ट ठेवून बोटीच्या गल्लीपर्यंत परत आलात आणि पुढच्या बोयाची रेषा गाठण्याआधी हे सगळं झालं, तर पूर्ण बोया. बाहेरून घेतला पण परतताना पडलात किंवा दोर सैल राहिला, तर कुठवर आलात त्यावर पाव किंवा अर्धा. म्हणून निकाल ‘५२ वर साडेतीन’ किंवा ‘१३ मीटरवर सव्वादोन’ असा लिहितात.

६. मी ५२ वर सहाही घेतले, माझा भाऊ ५५ वर तीनच घेऊन पडला. मोठं कोण?

भाऊ. ५५ ला जाण्यासाठी त्याने ५२ चा पास पूर्ण केलेला आहे, म्हणजे तुमचे सहा त्याच्याकडे आहेतच, वर तीन जास्त. सुरुवात कुठून करायची हे ज्याचं त्याने ठरवायचं असतं. माझा सल्ला एवढाच की सरावात दहापैकी नऊ वेळा जमणाऱ्या वेगावर सुरुवात करा. पहिलाच पास चुकला तर वर जायचा प्रश्नच उरत नाही.

७. दोन स्कीवर उभं राहता येतं. एका स्कीवर कधी जायचं? आणि कोर्समध्ये?

दोन स्कीवर लाट दोन्ही बाजूंनी न अडखळता ओलांडता आली की. आधी चालू बोटीमागे एक स्की सोडून द्यायला शिका, मग खोल पाण्यातून एकाच स्कीवर उठायला. उठताना बहुतेक जण हात ओढतात आणि तिथेच पडतात. हात सरळ, गुडघे छातीशी, आणि बोट तुम्हाला उचलेपर्यंत थांबायचं.

कोर्समध्ये घाईने जाऊ नका. मोकळ्या पाण्यात एकसारखी, संथ वळणं येईपर्यंत बोये दिसूच देऊ नका. बोया समोर दिसला की शिकलेलं सगळं विसरून माणूस त्याच्यामागे धावतो. पहिल्या दिवशी फक्त दोन्ही गेटमधून सरळ जा, दुसऱ्या दिवशी बोये आतून घ्या. आमच्याकडे नवीन माणसाला ताशी ३१-३४ किलोमीटरच्या वर नेत नाहीत.

८. माझी मुलगी अकरा वर्षांची आहे, पोहणं जेमतेम येतं. पाठवू का?

पाठवा, पण आधी पोहण्याचा सराव वाढवा. खोल पाण्यात न घाबरता तरंगत राहता आलं पाहिजे. जीवरक्षक जॅकेट सगळेच घालतात, विश्वविजेतेसुद्धा. मुलांसाठी बोटीत चालकाखेरीज मागे पाहणारा दुसरा मोठा माणूस असतोच. तो नसेल तिथे मुलीला पाण्यात उतरवू देऊ नका, मग ते आम्ही असलो तरी.

खरी काळजी दोराची घ्यायची. हँडलच्या त्रिकोणात हात किंवा डोकं कधीही घालायचं नाही, सैल दोराचा वेढा अंगाभोवती येऊ द्यायचा नाही. हे दोन नियम पाठ झाल्याशिवाय आम्ही कुणालाच ओढत नाही.

९. बोटीवर आवाज पोचत नाही, मग बोलतात कसं?

खुणांनी. अंगठा वर : वेग वाढवा. अंगठा खाली : कमी करा. डोक्यावर थापटलं : परत चला. मानेवरून हात फिरवला : इंजिन बंद करा. पडल्यानंतर ठीक असाल तर दोन्ही हात डोक्यावर धरा. ही खूण दिसली नाही की बोट सगळं सोडून तुमच्याकडे वळते, म्हणून ती विसरू नका.

१०. गोव्यात एवढं पाणी आहे, मग कुठेही कोर्स का टाकत नाही?

कारण या खेळाला काचेसारखं पाणी लागतं. समुद्र त्यातून बाद. दोनापावलाजवळ उपसागराचं तोंड उघडं आहे आणि वारा उठला की पाणी लगेच फुटतं. मांडवीत फेरीबोटी, बार्जेस आणि प्रवासी बोटींच्या लाटा काठावर आपटून परत येत राहतात. एक बोट गेली की बराच वेळ पाणी निवळत नाही.

कुंभारजुवेचा कालवा नकाशावर अगदी मनासारखा दिसतो. अरुंद, आडोशाला, दोन्ही काठांना कांदळवन. पण तिथे मगरी आहेत आणि त्या पाहायला लोक बोटीने जातात. पाण्यात पडणं हा ज्या खेळाचा रोजचा भाग आहे, तो तिथे करायचा नाही. शिवाय ते घर त्यांचं आहे.

धरणांबद्दलही विचारतात. साळावलीचं पाणी दक्षिण गोव्यात घराघरांत प्यायला जातं. पिण्याच्या पाण्यात इंजिनाची बोट घालायचा विचारसुद्धा करू नका.

राहतात नद्यांचे वरचे, रुंद आणि वळणाआडचे तुकडे. २५९ मीटरचा कोर्स, दोन्ही टोकांना बोटीला वेग घ्यायला आणि वळायला जागा, असं मिळून सहाशे मीटरच्या पुढे सरळ पाणी लागतं. खोली ओहोटीलाही दोन मीटर हवी. हे सगळं जुळणाऱ्या जागा बोटांवर मोजण्याइतक्या आहेत. त्यातही मांडवी, जुवारी, शापोरा या नद्या आणि कुंभारजुवेचा कालवा २०१६ च्या कायद्याने राष्ट्रीय जलमार्ग झाले आहेत, त्यामुळे मनाला येईल तिथे बोये बांधून ठेवता येत नाहीत. बोटीची नोंदणी आणि जागेबद्दलची विचारणा कॅप्टन ऑफ पोर्ट्स खात्यात आधी करावी.

११. सरावाची वेळ दर आठवड्याला का बदलते? एक वेळ ठरवा ना.

ठरवली असती, पण भरती रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. आम्हाला हवा असतो भरती पूर्ण भरून पाणी थांबण्याचा वेळ, आणि तो वारा उठण्याआधी म्हणजे सकाळी साडेनऊच्या आत यायला हवा. या दोन गोष्टी जुळतात ते दिवस आम्ही महिन्याच्या सुरुवातीलाच पंचांग आणि भरती-ओहोटीचा तक्ता शेजारी ठेवून काढतो. अष्टमी-नवमीच्या सुमारास भांगाची भरती असते, पाण्याला ओढ कमी असते. ते दिवस आमचे. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला आम्ही कोर्स टाकत नाही.

ओढीचा खेळावर परिणाम होतो का, हा याचाच उपप्रश्न. होतो. बोये तळाला बांधलेले असतात आणि बोटीचा वेग उपग्रहावरून, म्हणजे जमिनीच्या हिशेबाने धरलेला असतो. पाणी ताशी एक किलोमीटरने वाहत असेल तर प्रवाहाविरुद्ध तुमच्या स्कीखाली वेग एकाने जास्त आणि प्रवाहाबरोबर एकाने कमी. जाताना स्की वर उचललेली वाटते, येताना जड होऊन बसते. तळ्यावर शिकलेल्या माणसाला याची सवय व्हायला वेळ लागतो. मला पूर्ण एक मोसम लागला.

१२. पावसाळ्यात काय करता?

बंद. नदीतून झाडं, ओंडके, नारळ वाहत येतात आणि पाण्याखालचं काही दिसत नाही. जून ते सप्टेंबर व्यायाम आणि दुरुस्ती.

१३. तुमचा कोर्स कायमचा नाही, मग तो दर वेळी कसा टाकता?

मधून एक लांब तार, तिला ठरलेल्या अंतरांवर आडवे प्लास्टिकचे पोकळ नळ, आणि नळांच्या टोकांना बोये. दोन्ही टोकांना नांगर. भरतीने पाणी वर चढतं म्हणून बोया आणि नळ यांच्यामध्ये ताणणारं रबर घालावं लागतं. ते नसेल तर भरतीला बोये बुडतात आणि ओहोटीला इकडेतिकडे भरकटतात. चौघांना टाकायला तास-सव्वातास लागतो आणि काढायला तेवढाच.

पहिल्याच वर्षी आमची तार मासेमारीच्या जाळ्याच्या खुंट्यांत अडकली आणि जाळं फाटलं. चूक पूर्ण आमची होती. खुंटे पाण्यावर दिसत होते आणि आम्ही ते आमच्या सोयीने लांब आहेत असं धरून चाललो. जाळं भरून दिलं. तेव्हापासून आदल्या संध्याकाळी काठावर जाऊन, कोण कुठे जाळं लावणार आहे हे विचारल्याशिवाय आम्ही नांगर टाकत नाही. त्यांचं पोट त्या पाण्यावर आहे, आमची हौस आहे. वेळ जुळत नसेल तर आम्ही घरी जातो.

१४. माझ्या मामाची फायबरची मच्छीमारी बोट आहे, मागे इंजिन लावलेली. चालेल का?

एका स्कीवर उठायला शिकण्यापुरती चालते, अनुभवी चालक असेल तर. कोर्ससाठी नाही. स्पर्धेच्या बोटीत इंजिन आत असतं, दोर बोटीच्या मधल्या खांबाला असतो, त्यामुळे स्कीअर बाजूला खेचतो तेव्हा बोटीचं शेपूट सरकत नाही. तिची लाट मुद्दाम बुटकी आणि मऊ ठेवलेली असते. बोट चालवायला नीट शिकायचं असेल तर पणजीजवळच्या राष्ट्रीय जलक्रीडा संस्थेत पॉवरबोट चालवण्याचे आणि जीवरक्षणाचे अभ्यासक्रम असतात. आमच्या चालकांसाठी आम्ही ते आवश्यक धरतो.

१५. स्की कोणती घेऊ?

पहिल्या वर्षी कोणतीही घेऊ नका, आमची वापरा. नंतर वजनाप्रमाणे लांबी बघून, रुंद आणि क्षमाशील अशी जुनी घ्या. कार्बनची महागडी स्की हळू वेगावर तुम्हाला उलट त्रास देते. बूट पायाला घट्ट बसणारे हवेत. फिनला (स्कीखालच्या उभ्या पात्याला) पहिली दोन वर्षं हात लावू नका.

आपल्याकडचं पाणी मचूळ आहे, म्हणून प्रत्येक दिवसानंतर स्की, बूट आणि स्क्रू गोड्या पाण्याने धुवा. खाऱ्या पाण्याची घनता जास्त असल्याने स्की थोडी वर तरंगते, हे तळ्यावर जाल तेव्हा लक्षात ठेवा.

१६. क्लबच्या स्पर्धेत नक्की काय घडतं? मला जमेल का तिथे जायला?

स्विंडनजवळच्या माझ्या पहिल्या स्पर्धेत मी पाण्यात उतरलोच नाही. सकाळी सातला पोचलो, नाव नोंदवायला गेलो तर टेबलावरच्या बाईंनी विचारलं, लिहायला येतं का? आणि वही-पेन्सिल हातात दिली. त्या दिवशी मी सगळ्यांचे बोये मोजत आणि लिहीत बसलो. संध्याकाळपर्यंत मला नियम पाठ झाले आणि तिथल्या सगळ्यांची नावंही.

एका माणसाच्या सोळा-सतरा सेकंदांमागे किती माणसं असतात बघा. बोट गल्लीतून सरळ नेणारा चालक. बोटीतला पंच, जो बोये मोजून रेडिओवर सांगतो. काठावर उभारलेल्या मचाणावरचे पंच, ज्यांची नजर गेट आणि बोयांवर असते. पंचांत मतभेद झाला तर बहुमत. लिहिणारा. धक्क्यावर पुढच्याला तयार ठेवणारा. जीवरक्षक. बहुतेक सगळे स्वतः स्कीअर असतात आणि आपली पाळी झाली की ओल्या अंगावर टॉवेल टाकून दुसऱ्याच्या कामावर बसतात. साधारणपणे कमी गुणांचे आधी आणि सगळ्यात चांगले शेवटी उतरतात, म्हणून नवख्याची पाळी सकाळीच येते आणि उरलेला दिवस त्याला मदतीला मोकळा मिळतो.

आमच्या वार्षिक सामन्यातही हेच चालतं. काठावरच्या गावातले दोघे आता आमच्यापेक्षा चांगलं मोजतात. त्यांनी कधी स्की पायात घातलेली नाही, पण गेट हुकलं तर ते कुणालाही सोडत नाहीत, मला तर मुळीच नाही.

१७. स्कीने बोयाला घासलं तर चुकला का?

नुसतं घासलं तर नाही. त्याच्यावर चढलात, त्याला दोन्ही बाजूंनी घेतलंत, किंवा स्कीखाली दाबून जागेवरून हलवलात, तर चुकला. हात किंवा अंग लागल्याने काही बिघडत नाही.

१८. सहाही बोये घेतले तरी शून्य दिलं. असं कसं?

आत येताना गेट हुकलं असणार. आतल्या गेटमधून गेला नाहीत तर त्या पासचे बोये धरतच नाहीत. बोट गल्लीत शिरताना स्कीअर आधी डावीकडे बाहेर सरकतो आणि तिथून तिरका आत येत, गेट कापून उजवीकडच्या पहिल्या बोयाकडे जातो. लवकर वळलात तर पहिल्या गेट-बोयाच्या अलीकडून सुटता. बाहेरचं गेट हुकलं तर घेतलेले बोये मिळतात, पण पास पूर्ण धरत नाहीत आणि पुढच्या वेगाला जाता येत नाही.

१९. बोटीचा वेग चुकला तर शिक्षा मला का?

तुम्हाला नाही. प्रत्येक पासची वेळ मोजली जाते. बोट मर्यादेपेक्षा हळू गेली आणि तुम्हाला ती सोपी पडली असेल, तर पास पुन्हा करावा लागतो. जोरात गेली असेल तर पुन्हा करायचा की नाही हे तुम्ही ठरवायचं. बोया तुटलेला असेल तरीही पुन्हा संधी मागता येते. मात्र मागायची ती लगेच, घरी जाऊन नाही.

२०. आपल्या नदीवरचा गुण आंतरराष्ट्रीय यादीत जाईल का?

नाही. त्यासाठी मोजणी करून मान्य केलेला कोर्स, मान्यताप्राप्त पंच आणि चालक आणि बोटीत वेगनियंत्रक यंत्रणा लागते. आमचा कोर्स दर वेळी नव्याने टाकलेला असतो. मापं आम्ही जिवापाड सांभाळतो, पण तार चार बोटं तिरकी गेली तर ते आम्हालाच माहीत असतं. म्हणून वहीत आम्ही गुणांसोबत भरतीची वेळ आणि प्रवाहाची दिशा लिहितो आणि फक्त आपापसांत तुलना करतो.

२१. माझं वय त्रेपन्न. उशीर झाला का?

स्पर्धांत पस्तीस, पंचेचाळीस, पंचावन्न आणि त्यापुढचे वेगळे गट असतात आणि वयस्क गटांची कमाल वेगमर्यादाही कमी असते. पाठीचं किंवा गुडघ्याचं दुखणं असेल तर डॉक्टरांना विचारा, कारण उठतानाचा झटका कंबरेवर येतो. आमच्यातल्या सगळ्यात वयस्कर काका साठीनंतर एका स्कीवर उठले. त्यांचे चार बोये होतात. पाचव्याला ते दर वेळी दोर सैल सोडतात आणि दर वेळी काठावर येऊन आधी तेच सांगतात.

२२. पहिल्या दिवशी काय घेऊन येऊ?

पाण्यात चालणारे घट्ट कपडे, टोपी, प्यायचं पाणी, उन्हाचं मलम आणि टॉवेल. हातमोजे असतील तर उत्तम, नाहीतर पहिल्या दिवशी तळहाताला फोड येतात. भरतीच्या दोन तास आधी या. कोर्स टाकायला तेव्हाच हात कमी पडतात.